मेणकागदाचे नऊ एलिमिनेटर

माझ्या हातून कोणी मेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही हकिकत मी ज्यांना ज्यांना तोंडी सांगितली त्यांनी मला मध्येच थांबवून हेच विचारलं. कोणी मेलं नाही, कोणी जायबंदीही झालं नाही. तरी आज पन्नाशीला टेकल्यावरसुद्धा कोणी दुकानात येऊन स्वस्तातला एलिमिनेटर मागितला, की माझा हात फळीपर्यंत जाऊन थोडा थांबतो.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. घरची भाजीची वाडी होती, वांगी आणि मेथी बाजारात जायची. मला मात्र रेडिओचं वेड. पोस्टाने येणारा रेडिओ दुरुस्तीचा कोर्स पुरा केला आणि चिखलीत एस.टी. स्टँडच्या रस्त्यावर पत्र्याचं एक दुकान भाड्याने घेतलं. शेजारी मोटार वाइंडिंग करणारे एक गृहस्थ होते. वयाने वडिलांच्या बरोबरीचे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे बैलगाडीतून यायच्या. बोलायला तिखट माणूस, पण तांब्याची तार हातात धरली की बोटं बाईच्या बोटांसारखी हलकी चालायची.

गावोगाव नुकती वीज पोचत होती. लोकांकडे ट्रान्झिस्टर होते आणि सेल महाग पडत. त्यामुळे एलिमिनेटरला मागणी आली. भिंतीवरच्या बटणाच्या पिनीत, म्हणजे सॉकेटमध्ये, खोचायचा एक लहानसा डबा, त्यातून दोन तारा बाहेर निघतात. त्या तारांची टोकं रेडिओच्या सेलच्या खणात अडकवली, की सेलशिवाय रेडिओ चालतो. मुंबईहून येणारा माल लोकांना परवडत नसे. मी ठरवलं की आपणच बनवायचे.

त्याच्या पोटात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. घरातली दोनशेतीस व्होल्टची वीज एका गुंडाळीत येते आणि सहा व्होल्टची दुसऱ्या गुंडाळीतून बाहेर जाते. दोन्ही गुंडाळ्या एकमेकींवरच बसवलेल्या असतात, आणि मध्ये असतो फक्त कागद. तो कागद चांगला असला पाहिजे, एवढं समजलं तरी पुढचं सगळं समजेल. काका मला त्यांच्याकडचा पिवळा जाड कागद द्यायचे आणि बजावायचे, "चार घड्या टाकजो. तीन नाही, चार."

माझी माल तपासायची पद्धत अशी. मीटर लावायचा, आकडा पाहायचा. मोकळ्या तारांवर काटा नऊच्या पुढे जाई, आणि टॉर्चचा बल्ब जोडून भार दिला की सहावर येई. मग रेडिओ लावून कान द्यायचा. भुणभुण जास्त आली तर आतला कपॅसिटर बदलायचा. एवढं झालं की माल तयार. गिऱ्हाइकाला मात्र मीटरमधलं काय कळणार. त्याला मी दोन तारांची टोकं जिभेवर टेकवायला सांगायचो. आमच्या भागात सेल जिवंत आहे की मेलेला हे लोक तसंच पाहत, जिभेला लावून. आंबट चुणचुण लागली की सेल चांगला. मी म्हणायचो, "लावा जिभीले. आंबट लागलं का समजा माल पक्का." लोक लावायचे, तोंड वाकडं करायचे, हसायचे आणि घेऊन जायचे. घरी गेल्यावर बायकोपोरांनाही तसंच दाखवायचे. विक्रीची ती युक्ती माझी होती, आणि मला तिचा अभिमान होता.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी नऊ नग करायचे होते आणि पिवळा कागद संपला. काका खामगावला गेले होते. त्यांच्या दुकानाला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आलेच असते, पण मला बाजार गाठायचा होता. खरं सांगायचं तर एवढंच कारण नव्हतं. प्रत्येक वेळी त्यांच्यापुढे हात पसरायचा आणि चार घड्यांचं ऐकून घ्यायचं, याचा मला कंटाळा आला होता. समोर बेकरी होती. पाव गुंडाळायचा मेणकागद त्यांच्याकडून आणला. गुळगुळीत, बिनछिद्राचा, पाणी न शोषणारा. मी स्वतःला सांगितलं की पाणी जात नाही त्यातून वीजही जाणार नाही. त्याच कागदाच्या चार घड्या टाकून नऊही ट्रान्सफॉर्मर गुंडाळले. मीटरवर सहा आले, भुणभुण नव्हती, जिभेला आंबट लागलं. बाजाराच्या दिवशी दुकानातून आठ विकले. नववा दुकानात माझ्या स्वतःच्या रेडिओला लावून ठेवला.

चार दिवसांनी, दुपारी. रेडिओ सकाळपासून चालू होता. मी नळावर हात धुऊन अनवाणीच आत आलो. फरशी ओली होती. स्टेशन नीट लागत नव्हतं म्हणून रेडिओच्या एरियलच्या दांडीला हात घातला आणि दंडापर्यंत असा हिसका बसला की हात मागे उडून बाकाच्या कोपऱ्यावर आदळला.

शेजारून काकांचा आवाज आला, "काय पडलं बे?"

"काही नाही काका. पाय घसरला."

हे पहिलं खोटं. टेस्टर घेऊन एलिमिनेटरच्या बाहेर आलेल्या तारेला लावला. आतला दिवा लागला, चांगला लालभडक. जिथे सहा व्होल्ट असायला हवे तिथे घरातली वीज येत होती. पिन काढली, डबा उघडला. ट्रान्सफॉर्मर गरम होता, आणि विझवलेल्या मेणबत्तीसारखा वास आला. मेण वितळून आतल्या लोखंडी पत्र्यांवर ओघळलं होतं आणि कागद जागोजाग पारदर्शक होऊन तारांना चिकटला होता. मी नऊ नग थंड असताना तपासले होते. चार-पाच तास चालून गरम झाल्यावर काय होतं, हे पाहिलंच नव्हतं.

मग मला ती जीभ आठवली. आठ माणसं आठ डबे घेऊन गेली होती, आणि प्रत्येकाला मी दुकानात उभं करून शिकवलं होतं की तारा जिभेवर टेकवून माल पाहा.

मी तिथेच स्टुलावर बसलो.

आठांपैकी सात माणसं चिखलीतली आणि आसपासच्या खेड्यांतली, ओळखीची. दुकान बंद केलं, सायकल काढली आणि पिशवीत नवे सेल भरून घेतले, एलिमिनेटर काढून घेतल्यावर रेडिओ मुके राहू नयेत म्हणून. लोकांना काय सांगायचं ते रस्त्याने ठरवलं. सुधारलेला नवा माल आला आहे, जुना परत घेतो, नवा आठ दिवसांत आणून देतो, तोपर्यंत हे सेल घ्या.

लोक खूश झाले. त्याचाच मला खरा त्रास झाला. एका घरात मला चहा पाजला, एका मळ्यात पेरू दिले. एक शेतकरी आपल्या भावाला म्हणाला, "पाह्य, याले म्हन्तेत धंदा. विकलेला माल आपल्या मनानं बदलून द्याले आला." मी पेरू घेतले आणि मान खाली घातली. त्यांना तो माझा विनय वाटला.

सातवा नग एका शिंप्याकडे होता, बाजारपेठेतच. चाळिशीचा, बारीक अंगाचा, गप्पिष्ट माणूस. रेडिओ त्याने शिलाई मशीनच्या फळीवर ठेवला होता. एरियलची दांडी मशीनच्या लोखंडी चाकाला टेकलेली, पायाखाली लोखंडी पायटा, खाली शेणाने सारवलेली जमीन. मी आधी धावत जाऊन बटण बंद केलं.

"काऊन बे, गाणं चालू होतं ना."

मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "ने बाप्पा. तुह्या मालाची काही तक्रार नाही आपली. आपलीच तब्येत खराब होऊन राह्यली."

"काय झालं?"

"दोन दिवसांपासून हाताले मुंग्या येतेत. मशीनवर बसलो का चालू. उठलो का बंद. अशा झिणझिण्या येतेत का सुई धरता येत नाही." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "माह्या बापाले असंच सुरू झालं होतं. मंग एक बाजू गेली. बायकोले नाही सांग्तलं अजून. महिनाभर तेल चोळून पाह्यतो, नाहीतं अकोल्याले जातो."

मी त्याच्यासमोर उभा होतो. त्याच्या हाताला मुंग्या कशाने येत होत्या ते मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. तो डबा हातात घट्ट धरून मी म्हणालो, "होईन बरं. तेल चोळा."

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो असेन. हे वाक्य मात्र माझ्या अंगाला चिकटून राहिलं आहे.

आठव्या माणसाचा पत्ता माझ्याकडे नव्हता. तो बाजाराच्या गर्दीत आलेला. एवढं आठवत होतं की त्याचं गाव हिवरा आश्रमाच्या पलीकडे कुठेतरी होतं, आणि त्याने सांगितलं होतं की बायकोचा पाय मोडला आहे. ती विहिरीच्या पायरीवरून घसरली, प्लास्टर घातलं आहे, लोखंडी पलंगावर पडून असते, तिला करमत नाही, म्हणून रेडिओला हे हवं. त्यानेही तारा जिभेला लावल्या होत्या आणि म्हणाला होता, "आता तिलेबी दाखवतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मेहकरला आणि तिथून जीपने हिवऱ्याला उतरलो. लोखंडी पलंग, प्लास्टरचा पाय, हलता न येणारी बाई आणि तिच्या मांडीवर रेडिओ, हे चित्र संबंध रस्ता डोळ्यांसमोर होतं. जीपमधल्या एका माणसाने विचारलं, "कोनाच्या मैतीले चालले का?" माझा चेहरा तसाच झाला असावा. मी नाही म्हणालो, पण ते ठामपणे म्हणता आलं नाही.

हिवऱ्यात एका पानवाल्याला विचारलं, पाय मोडलेली बाई कोणत्या गावी आहे म्हणून. त्याने उलट मलाच विचारलं, "हाड बसवनारे का तुम्ही?" मी हो म्हणून टाकलं. तिथून तीन मैलांवरचं गाव त्याने सांगितलं. पायी गेलो, अर्धं अंतर पळतच.

घर सापडलं. दार उघडं होतं. पुढच्याच खोलीत लोखंडी पलंग, त्यावर चाळिशीची एक बाई, उशाला टेकून गवार मोडत बसलेली. एक पाय मांडीपर्यंत पांढरा. जिवंत होती. मी दाराची चौकट धरून तसाच उभा राहिलो.

"कोन हो? आत या. ते वावरात गेले, कापूस वेचणं चालू हाये."

मी चिखलीचा रेडिओवाला आहे असं सांगितलं, आणि नजर तिच्या उशाशी गेली. रेडिओ तिथे होता. एरियल पलंगाच्या गजाला टेकलेली. एलिमिनेटर भिंतीतल्या पिनीत खोचलेला, बटण चालू, रेडिओचं बटणही चालू. पण रेडिओ गप्प होता.

"चालत नाही का?" मी विचारलं.

"चालन कसा? पाच दिवस झाले लाइट नाही गावात. डीपी जळाली. तुमचा डब्बा आनला अन् दुसऱ्याच दिवशी गेली. एक संध्याकाळ घडीभर गाणे ऐकले, बस. बटन असंच चालू ठेवतो आम्ही, लाइट आली का रेडिओच सांगते आली म्हनून. दिवसातून दहा खेपा त्या लाइटीले शिव्या देतो."

पाच दिवस गावात वीज नव्हती. मी पलंगाला वळसा घालून पिन काढली, तारा सेलच्या खणातून सोडवल्या आणि डबा पिशवीत टाकला. मी तिथेच जमिनीवर बसलो, भिंतीला पाठ लावून. लाज वाटली, पण डोळ्यांतून पाणी यायचं थांबेना.

ती गवार बाजूला ठेवून माझ्याकडे बघत होती. "काय झालं भाऊ? पानी पेतं का? त्या रांजनात हाये, घे हातानं. मले उठता येत नाही."

मी पाणी प्यालो. मग माझं पाठ केलेलं सुरू केलं. नवा माल आला आहे, जुना परत घेतो. तिने पुरतं बोलूही दिलं नाही.

"नवा माल देनारा मानूस असा येते काय? घाम पाह्य तुह्या अंगाले. खरं सांग."

मी सांगितलं. पिवळा कागद, मेणकागद, ओल्या फरशीवर बसलेला हिसका. आणि जिभेचंही सांगितलं. ती ऐकत गेली. मध्ये एकदा तिने हात लांब करून एरियलची दांडी पलंगाच्या गजापासून सरकवली, वीज नसतानाही.

मग म्हणाली, "आमच्या घरवाल्यानं मले घरी आल्याबरोबर जिभीले लावाले सांग्तलं. मी म्हटलं, मेल्या, पाय तं मोडला, आता जीभबी जाळतं काय. अन् हौसेनं लावली. तेव्हा काही नाही झालं."

"तेव्हा तो थंड होता, वहिनी."

"अन् मंग लाइट गेली." ती हसायला लागली. आधी हळू, मग प्लास्टरचा पाय हलून दुखेपर्यंत. "पाच दिवसांपासून लाइटवाल्यायले शिव्या देऊन राह्यलो आम्ही. आता त्यायच्या घरी नारळ पाठवा लागते."

मीही हसलो. हसता हसता पुन्हा रडू आलं. तिने मला भाकरी खायला लावली. घरात उठून वाढणारं कोणी नव्हतं, म्हणून पलंगावरून ती सांगत होती आणि मी शिंकाळ्यातून काढून घेत होतो, ठेचा कुठे आहे, दही कुठे आहे. आदल्या दुपारनंतर मला पहिल्यांदा चव लागली.

निघताना तिने विचारलं, "बाकी लोकायले सांग्तलं ना हे?"

"डबे परत आणले सगळ्यांचे."

"ते नाही इचारत. सांग्तलं का?"

मी नाही म्हणालो.

"मंग मलेच काऊन सांग्तलं? मी पडून हाये, माह्याच्यानं मारता येत नाही म्हनून?"

ती ते चेष्टेत म्हणाली. पण मी शिंप्याचंही तिला सांगून टाकलं, मुंग्या, बापाची एक बाजू, तेल, सगळं. या वेळी ती हसली नाही. "जाय," म्हणाली. "आता बसू नको इथं. तो मानूस भेऊन मरून राह्यला असन."

चिखलीला पोचलो तेव्हा काकांचं दुकान उघडं होतं. मी नऊही डबे त्यांच्या बाकावर मांडले आणि पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी मला शिवी दिली नाही. उठून मागे गेले. दुकानामागे त्यांनी अर्थिंगचा पाइप पुरलेला होता, मीठ-कोळसा घालून, आणि रोज सकाळी त्यात तांब्याभर पाणी ओतत. त्या पाइपला एक तार बांधून ती आत आणली आणि तिच्या टोकाला झिरोचा दिवा जोडला. एलिमिनेटर पिनीत लावायचा, त्याच्या बाहेरच्या तारांना टॉर्चचा बल्ब भार म्हणून द्यायचा, तो चांगला तापू द्यायचा, आणि त्यातल्या एका तारेला झिरोच्या दिव्याचं दुसरं टोक टेकवायचं. माल निर्दोष असेल तर दिवा पेटत नाही. त्यांच्याकडे मोटारी अशाच तपासल्या जात. मी वर्षभर शेजारी बसून पाहत होतो, पण आपला एवढासा डबा, त्याला काय असं तपासायचं, असं मला वाटायचं.

"चल, एक एक लाव," ते म्हणाले. "पाहू दे तुह्या हातची करामत."

माझ्या दुकानातल्या नगाने लगेच दिवा पेटवला. शिंप्याकडचाही. पेरूवाल्याचा दोन तास तापूनही कोरा राहिला, आणि आणखी तीन तसेच. दोन नगांवर दिव्याची तार नुसती लालसर झाली. हिवऱ्याकडचा नग शेवटी लावला. अर्धा तास काही नाही. मला वाटलं, हा तरी सुटला. पाऊण तासाने काकांनी टोक टेकवलं आणि दिवा लख्ख पेटला.

काकांनी पिन काढली. तो पेटलेला दिवा मला अजून आठवतो, आणि लगेच दारातून पाहिलेली गवार मोडणारी ती बाई आठवते, आणि मी मोकळा श्वास घेतो. दोन्ही एकामागोमाग येतात, एवढ्या वर्षांनीही.

नऊ नग तपासता तपासता रात्र झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी शिंप्याकडे गेलो. दुकानात तो एकटाच होता. मशीनवर बसला नव्हता, बाजूच्या गादीवर बसून हाताने काजं करत होता.

"आला का नवा माल?"

"नाही. तुमच्या हाताच्या मुंग्यांबद्दल सांगायला आलो."

त्याच्या हातातली सुई थांबली. मी उभ्यानेच सांगितलं. माझ्या डब्यातून वीज रेडिओत येत होती, रेडिओच्या दांडीतून मशीनमध्ये, मशीनमधून तुमच्या हातात. परवा इथे उभा होतो तेव्हाच मला हे माहीत होतं, आणि मी तुम्हाला तेल चोळा म्हणालो.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हन्जे लकवा नाही?"

"नाही. डबा नेल्यापासून मुंग्या आल्या का?"

"मशीनवर बसलोच नाही भेवानं." तो उठला. मशीनच्या चाकावर एक बोट टेकवलं, झटकन मागे घेतलं, मग पंजा ठेवला. मग बसला आणि पायटा मारायला लागला, कापड नसताना, मोकळंच मशीन. खडखड खडखड. थांबला. हात उलटे सुलटे करून पाहिले.

"नाही येत," म्हणाला.

आणि मग त्याने मला शिव्या द्यायला सुरुवात केली. बसूनच, पायटा मारत मारत. माझ्या दुकानाला, माझ्या पोस्टाच्या कोर्सला, मला रेडिओवाला म्हणणाऱ्या सगळ्या चिखलीला. "दोन रात्री झोपलो नाही बे मी. पोरीचं लगन कसं होईन, बायको काय खाईन, सारं मनात येऊन गेलं. बायकोनं पाय दाबले तं तिच्या हातावर मी रडलो, तिले वाटलं कोनी मेलं माह्यं. अन् तू म्हने तेल चोळ. तेल." बाजूच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. शिंप्याने त्यालाही सांगितलं, पहिल्यापासून, माझ्या देखत.

मी ऐकत उभा होतो. लोकांनी मला भला माणूस म्हटलं होतं तेव्हा मान वर होत नव्हती. आता सरळ उभं राहता येत होतं.

दमल्यावर तो गप्प झाला. मग ओरडून समोरच्या हॉटेलातून दोन कप चहा मागवला. "याचे पैशे हा देईन," म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं. बशीत ओतून चहा प्यायला. पिताना त्याचा हात स्थिर होता, आणि मी तेवढंच पाहत होतो.

बाकीच्या सहांनाही मी पुढच्या दोन बाजारांत सांगितलं. दोघांनी परत माझ्याकडून काही घेतलं नाही. त्यांचा मला राग नाही. ज्याने पेरू दिले होते तो म्हणाला, "मंग पेरू परत दे," आणि हसला, पण एलिमिनेटर त्यानेही मुंबईचाच घेतला.

शिंप्याच्या घरी त्या संध्याकाळी काय झालं, हे मला त्याच्या बायकोकडून पुढे कळलं. तो घरी गेला, तिला एक शब्द बोलला नाही, जेवायला बसला आणि सहा भाकरी खाल्ल्या. तिने विचारलं, काय झालं तुम्हाला. तो म्हणाला, "काहीच नाही झालं." आणि सातवी मागितली.